आधी टेबलाचे पाय कापा

‘पैसे माइकात घाला, खुर्चीत काय घालताय!’ घरी स्टुडिओ करायचाय असं नुसतं म्हणून बघा, हा सल्ला चहाच्या आधी हातात पडतो. देणारी माणसं वयाने आणि अनुभवाने मोठी असतात, म्हणून आपण ‘हो ना’ म्हणतो. मीही बारा वर्षं म्हणत आले. गेल्या महिन्यात एका मित्राकडे गाणं झाल्यावर गप्पा रंगल्या, आणि एका ज्येष्ठ संगीतकारांनी समोरच्या पोरापोरींना हाच सल्ला सविस्तर दिला. त्यांच्या म्हणण्यात तीन गोष्टी होत्या. एक, साधना करणाऱ्याला गैरसोय जाणवत नाही, जाणवत असेल तर साधना कमी पडते. दोन, आपली परंपरा बैठकीची, खुर्चीचे चोचले बाहेरून आले. तीन, खिशात मोजकेच पैसे असतील तर ते आवाज जिथून येतो तिथे लावावेत. पोरं मान डोलवत होती. एका मुलीला ती डावीकडे नीट डोलवता येत नव्हती, अर्ध्यात थांबत होती. ती दिवसाचे नऊ तास लॅपटॉपवर जिंगल करते.

तिथे मी वाद घातला नाही. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या गाण्यानंतर वाद घालू नये. इथे घालते.

आधी माझी खोली सांगते, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. डोंबिवलीत दहा बाय अकराची खोली, एका भिंतीला आईचं लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि खाली रिक्षा स्टँड. बालनाट्यांचं संगीत आणि बोलत्या पुस्तकांचं ध्वनिमुद्रण, हा माझा धंदा. पहिल्या वर्षी मी कुठे पैसे घातले? अर्थात माइकात. मग इंटरफेसात, मग स्पीकरच्या जोडीत. टेबल घरातलंच होतं, मुलाच्या अभ्यासाचं, तीस इंच उंचीचं. खुर्ची जेवणाच्या टेबलाची. आठ वर्षांनी उजवा खांदा असा धरला की वेणी घालता येईना. मी वयाला दोष दिला, मग पावसाला, मग रेल्वेच्या दांड्याला लोंबकळण्याला. ज्या बाईंकडे व्यायाम शिकायला गेले त्यांनी दुखतं कुठे हे विचारलंच नाही. ‘काम करताना मुलाला बाजूने फोटो काढायला सांगा,’ एवढंच म्हणाल्या. फोटो बघून मीच गप्प झाले. कीबोर्डवर हात ठेवून बसलेली ती बाई कुणीतरी मागून दोन्ही खांदे धरून उचलल्यासारखी दिसत होती.

आता हिशोब बघा, कारण सगळं भांडण या हिशोबाचं आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. सतरा इंच उंचीच्या खुर्चीत बसले, दंड सैल सोडून हात काटकोनात दुमडला, की माझं कोपर जमिनीपासून पंचवीस इंचांवर येतं. टेबल तीस इंच. त्यावर ठेवलेल्या मिडी कीबोर्डच्या पट्ट्या आणखी अडीच इंच वर. म्हणजे बोटांना जिथे पोचायचं ती जागा कोपरापेक्षा साडेसात इंच उंच. साडेसात इंच! ही उंची भरून काढायला शरीराकडे दोनच रस्ते: खांदे वर चढवायचे किंवा मनगट मागे मोडायचं. वर्षाला तीनशे दिवस. यात साधनेचा प्रश्न येतोच कुठे? भूमितीचा येतो.

पियानो बनवणाऱ्यांना हे केव्हाच कळलं होतं. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण बहात्तर-त्र्याहत्तर सेंटिमीटरवर, म्हणजे साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास असतात, आणि बसायचं बाकडं खालीवर होतं. ऑफिसचं किंवा अभ्यासाचं टेबल बनतं ते कागदावर लिहिण्यासाठी, त्याचा पृष्ठभाग तीस इंचांवर. त्या टेबलावर वाद्य ठेवलं की पट्ट्या साडेबत्तीसवर गेल्याच. ‘होम स्टुडिओ’ नावाने जी छायाचित्रं फिरतात त्यांत शंभरातल्या नव्वद ठिकाणी कीबोर्ड टेबलाच्या वर ठेवलेला असतो, मागे निळेजांभळे दिवे, आणि खुर्ची रिकामी. बसलेलं माणूस त्यात नसतं. असतं, तर फोटो बिघडला असता.

साधनेच्या मुद्द्याकडे येते. जुन्या कलावंतांनी हालअपेष्टांत काम केलं, हे खरं. पण ते काय करत होते, हे एकदा नीट आठवा. गवई गातो तेव्हा हात हलतात, मान फिरते, तो पाणी पितो, समोरच्याकडे बघून हसतो. तबलजी हातोडी घेऊन तबला लावतो, मांडी बदलतो. रियाज कठीण असतो, पण त्यात शरीर सतत जागा बदलत असतं. आम्ही काय करतो? माझ्या दिवसाच्या आठ तासांतला जेमतेम एक तास वाजवण्यात जातो. उरलेले सात तास उंदीर, म्हणजे माउस. लहान मुलाच्या आवाजातला श्वास कापायचा, त्या कापाच्या दोन्ही टोकांना उतार द्यायचा, पुन्हा ऐकायचं, पुन्हा कापायचं. एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड जवळजवळ तीन फूट रुंद, तो मधोमध ठेवला की उंदीर उजवीकडे दीड फुटाच्या पलीकडे जातो, आणि तो हात सात तास शरीरापासून लांब ताणलेला राहतो. माझा खांदा वाजवून नव्हे, क्लिक करून गेला. या कामाला तपश्चर्येचं नाव देऊन ज्या थोरांचे दाखले देतात, त्या थोरांनी हे काम आयुष्यात एक दिवससुद्धा केलेलं नव्हतं.

आणि जे खरोखर वाजवतात, त्यांचं तरी काय? ऑस्ट्रेलियातल्या आठ व्यावसायिक वाद्यवृंदांमधल्या ३७७ वादकांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. वाजवण्यात अडथळा येईल इतकं दुखणं आपल्याला कधी ना कधी झालं होतं, असं ८४ टक्क्यांनी सांगितलं. ही माणसं लहानपणापासून शिकलेली, रोज वाजवणारी. त्यांची साधना कमी पडली, असं म्हणायचं धाडस कुणी करणार आहे का?

दुसरा मुद्दा बैठकीचा. हा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण त्यात अभिमान आहे आणि इतिहास मात्र उलटा आहे.

हार्मोनियम आपली कशी झाली ते आठवा. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ साली या वाद्याचं पेटंट घेतलं, तेव्हा ते पायाने भाता मारायचं, स्टुलावर बसून वाजवायचं फर्निचर होतं. ते भारतात आलं तेव्हा आपल्याकडे लोक जमिनीवर बसत. मग काय, वादकांना सांगितलं का की बाबांनो, साधना वाढवा आणि स्टुलावर बसायला शिका? नाही. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास पाय कापले! खालचा सगळा सांगाडा काढला, भाता मागे नेला, डाव्या हाताला दिला. उरली ती पेटी. मांडी घालून बसलेल्या माणसाचं कोपर जमिनीपासून आठ-नऊ इंचांवर असतं, गादीची जाडी धरली तर दहा. पेटीच्या पट्ट्या नेमक्या त्याच उंचीला येतात. म्हणजे आमच्या परंपरेने शरीर वाद्यापुढे वाकवलं नाही, शरीरासाठी वाद्य कापलं. ज्या परंपरेचा दाखला देऊन मला गप्प बसवलं जातं, ती परंपरा सुताराची करवत हातात घेऊन माझ्या बाजूला उभी आहे.

शिवाय मराठी माणसाने ‘खुर्ची परकी’ म्हणणं तर फारच गमतीचं. आपल्या संगीत नाटकाला साथ कशाची होती? ऑर्गनची. पायपेटीवाला रंगमंचासमोर स्टुलावर बसून, दोन्ही पायांनी भाते दाबत नाट्यपदं रंगवायचा. आमच्या आजोबांच्या पिढीला ते परकं वाटलं नाही.

जमिनीवर बसून स्टुडिओ करता येत नाही, असं मी म्हणत नाही. उत्तम करता येतो. माझ्या ओळखीच्या एका तबलावादकाने केलाय, आणि माझ्यापेक्षा त्याची पाठ चांगली आहे. पण त्याने सगळी खोली खाली आणली. मिडी कीबोर्ड बुटक्या फळीवर, स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, आणि पडदा भिंतीवर, डोळ्यांसमोर. बैठकीचे कैवारी काय करतात? गादी घालतात, चौरंग मांडतात आणि चौरंगावर लॅपटॉप ठेवतात. मांडी घातलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून तीस इंचांवर, पडद्याचा मध्य अठरावर. मान खाली घालून आठ तास. पेटीवाल्याला पडदा बघायचा नसतो, तो गायकाच्या तोंडाकडे बघतो. बैठक घेतली, आणि बैठकीत नजर समोर असते हे विसरले. स्पीकर तर टेबलावरच राहिलेले, ते डोक्यावरून पलीकडच्या भिंतीला गाणं ऐकवतात.

या वादात कुणीतरी हमखास पियानोवादक ग्लेन गूल्डचं नाव काढतो. मोडक्या खुर्चीत कुबड काढून बसायचा आणि बाख वाजवायचा, मग? मग त्या खुर्चीची गोष्ट पुरती वाचा. ती घडीची खुर्ची त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी पाय कापून बुटकी केलेली होती, बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंचांवर, आणि पायांना उंची बारीक जुळवायला स्क्रू. ती तो जगभर सोबत नेत असे. तेवढ्यानेही भागेना तेव्हा पियानोच्या पायांखाली लाकडी ठोकळे गेले. हा माणूस गैरसोय सोसत नव्हता, आपल्या शरीराच्या मापाबद्दल कमालीचा हट्टी होता. (ते माप बरोबर होतं का, हा वेगळा प्रश्न. १९७७ नंतर त्याच्या हातांनी त्याला त्रास दिलाच, आणि त्याची तो रोजनिशी लिहीत बसला.) पियानिस्ट योझेफ हॉफमन याचे पंजे लहान होते, तर स्टाइनवेने त्याच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले. थोरांचे दाखले द्यायचेच असतील तर हे द्या.

आता पैशांचा मुद्दा. हा सगळ्यात व्यवहारी वाटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. ‘आवाज जिथून येतो तिथे पैसे लावा.’ आवाज कुठून येतो? स्पीकरमधून निघतो, पण पोचतो खोलीतून, आणि पोचतो तो तुम्ही जिथे डोकं ठेवलंय तिथे. माझ्या अकरा फुटी खोलीत ५१ हर्ट्‌झच्या आसपासची एक लहर दोन भिंतींच्या मध्ये अडकते, खोलीच्या लांबीचं साधं गणित आहे. भिंतीजवळ ती घुमते आणि बरोब्बर मधोमध ती जवळपास नाहीशी होते. मी पहिली चार वर्षं बरोब्बर मधोमध बसत होते, कारण पंखा मधोमध आहे! बेस ऐकू येत नाही म्हणून मी काय करायचे? पुढे झुकायचे. मग मागे. मग आवाज वाढवायचे. पाठीचं दुखणं आणि कानाचं दुखणं एकाच चुकीच्या जागेतून येत होतं, आणि त्या काळात मी तिसरा माइक विकत घेतला.

खुर्ची हलवायला पैसे लागत नाहीत. खोलीच्या लांबीच्या बाजूने तोंड करायचं, समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर डोकं येईल असं बसून बघायचं, माझ्याकडे ते चार फुटांच्या थोडं पुढे येतं. मग दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, स्पीकरचा छोटा शंकू कानाच्या रेषेत. हा प्रारंभ आहे, शास्त्रवचन नव्हे. तिथून सहा इंच मागेपुढे सरकून, ओळखीचं गाणं लावून, बेस जिथे सरळ ऐकू येतो तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावायची. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावू नका. त्यांनी वरचे स्वर थोडे मरतात, खालच्यांचं काही बिघडत नाही, आणि झुरळं मात्र येतात.

कानाचं गणित पाठीपेक्षा निर्दय आहे. कामाच्या जागी आवाजाची जी मर्यादा अमेरिकेतली ‘नायोश’ ही संस्था सुचवते, ती ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि १००ला पंधरा मिनिटं. खांदा व्यायामाने परत आला. आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. इतका मोठा आवाज एवढ्याशा खोलीत लागतच नाही. मी शेजारच्या खोलीतलं बोलणं जरा कष्टाने ऐकू येईल इतक्याच आवाजात मिक्स करते, आणि शेवटी दोन मिनिटं मोठ्याने ऐकते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की ही बाई आता एखादी महागडी खुर्ची विकणार. त्या दुकानदारांशी माझं भांडण ज्येष्ठांपेक्षा मोठं आहे. ‘अर्गोनॉमिक’ हा शब्द आता चिकटवायचं लेबल झालाय. मोटारशर्यतीच्या आसनासारख्या दिसणाऱ्या, दोन्ही बाजूंना पंख असलेल्या खुर्च्या गेम खेळणाऱ्यांसाठी विकतात. त्यांत बसून गिटार मांडीवर घेऊन दाखवा! हाताला टेकू देणारे त्यांचे दांडे कीबोर्डच्या कडेला आपटतात, म्हणून माणूस अख्खी खुर्ची मागे नेतो आणि पुढे वाकतो. मी माझ्या साध्या ऑफिसखुर्चीचे दांडे काढून टाकले, खालून सहा बोल्ट, एक एलन की, दहा मिनिटं. भारतीय माणसांची मापं कुणी घेतली नाहीत असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्तींचं भारतीय देहमापांचं जाड पुस्तक १९९७ सालीच काढलंय. पण दुकानात गेलात तर खाली पुरती उतरवलेली खुर्चीसुद्धा माझ्यासारखीचे पाय लोंबते ठेवते.

आणि ‘ताठ बसा’ म्हणणाऱ्यांनाही एक वाक्य. ताठ बसून आठ तास काढणंही एक कैद आहे. माझा माइक मी मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, उभ्याने बोलायच्या उंचीला लावलाय, पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात. दर थोड्या वेळाने उठावंच लागतं.

मग मी शेवटी काय केलं? मिस्त्रींना बोलावलं. म्हटलं, या टेबलाचे पाय पाच इंच कापा. ते टेबलाभोवती दोनदा फिरले, वरची पट्टी हाताने दाबून बघितली. ‘ताई, सागाचे पाय आहेत. कशाला खराब करताय? खुर्ची उंच घ्या ना.’ मग मी त्यांना खुर्चीत बसवलं, कीबोर्डवर हात ठेवायला लावले. मिस्त्री पाच फूट आठ इंच, त्यांना काही विशेष वाटलं नाही. मग मी बसले. त्यांनी माझ्या कोपराला मीटरटेप लावली, पट्ट्यांना लावली, कानामागची पेन्सिल काढली आणि आणखी काही न बोलता पायांवर खुणा केल्या. मजुरी आठशे रुपये, माझ्या सगळ्यात स्वस्त माइकच्या पाव किमतीत.

आता टेबल पंचवीस इंच, पट्ट्या साडेसत्तावीसवर. खुर्ची एकोणीसवर चढवली की कोपर सत्तावीसला येतं. मांडी फळीला टेकते न टेकते. पाय तीन इंच लोंबकळत होते, तिथे आजीचा पाट ठेवला, पितळी फुलांचा, ज्यावर बसून ती पोळ्या लाटायची. बैठकीचा माझ्या स्टुडिओतला वाटा एवढा, आणि तो मी आनंदाने देते. पडदा पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर हातभर अंतरावर गेला. उंदीर मी डाव्या हाताला घेतला. पहिला महिना वेड्यासारखा गेला, आता उजव्याने चमचा धरावा तसा तो डाव्याने चालतो. खांदा दोन महिन्यांत सुटला, व्यायामही रोज केला, त्यामुळे श्रेय कुणाला किती हे मी सांगणार नाही.

कापलेले चार तुकडे मिस्त्रींनी टाकू दिले नाहीत. खोलीची लादी खिडकीकडे किंचित उतरती आहे, म्हणून चारही पाय एका मापाने कापलेले नाहीत. त्यांनी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने आकडा घातला, एक ते चार, आणि तोच आकडा पायाच्या आतल्या बाजूला. प्रत्येकाला मधोमध एक खुंटी बसवली. मागच्या आठवड्यात एका नाटकासाठी सहा फुटी मुलगा वाजवायला आला. बसल्या बसल्या त्याचे गुडघे फळीला आदळले आणि तो तसाच, तिरका होऊन वाजवायला लागला, काही बोलला नाही. मी त्याला उठवलं, कपाटातून पिशवी काढली. त्याने टेबल उचलून धरलं, मी खाली बसून आकडे जुळवत तुकडे लावले. तीन आणि चारची अदलाबदल झाली होती. टेबल डुगडुगलं, म्हणून पुन्हा उचललं.